दीड लिटर कमी

भावोजींनी गाडी दुरुस्तीला आणलीच नव्हती. त्यांना कागद हवा होता.

"शनिवारी माणूस येणार आहे गाडी न्यायला," गॅरेजच्या दारात उभे राहून ते म्हणाले. "गिअरबॉक्स घसरतो, हे त्याला सांगून झालंय. पण का घसरतो, तेही लेखी द्यायला हवं. दोष सांगायचा आणि कारण लपवायचं, हे मला जमायचं नाही. तू तपास, लिही आणि खाली सही कर. दुरुस्ती नको."

धाकट्याने हात पुसत मान डोलावली. धाकटा म्हणजे बावन्न वर्षांचा, अर्धं डोकं पांढरं झालेला माणूस. पण मोठ्या बहिणीच्या घरात एकदा धाकटा झालेला माणूस मरेपर्यंत धाकटाच राहतो. बाहेर त्याला लोक मास्तर म्हणत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून पुन्हा होता तसा बसवणारा त्या भागात दुसरा कोणी नव्हता, आणि बाकीच्यांनी हात टेकलेल्या गाड्या शेवटी त्याच्याच दारात येत. भावोजी मात्र पेपरात गाड्यांबद्दल काही छापून आलं की तेच त्याला समजावून सांगत. पिकतं तिथे विकत नाही, त्यातला प्रकार.

भावोजी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू, लिटरची मापं, पेट्रोल पंपांचे काटे, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नजर काही निवृत्त झाली नव्हती. साखरेचा पुडा घरी आला की आधी काट्यावर चढायचा आणि मग डब्यात जायचा. ताईने भाजीत चिमूटभर मीठ घाला म्हणून सांगितलं, तर ते किती ग्रॅम असं विचारत, आणि त्यात थट्टा नसे.

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मसुदा मी करून आणलाय. तू फक्त खात्री करून घे."

मसुद्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'चालकाने डावा पाय सातत्याने ब्रेकवर ठेवून उजव्या पायाने वेग दिल्यामुळे गिअरबॉक्समधील, गिअर धरून ठेवणाऱ्या प्लेटा झिजल्या असून...'

चालक म्हणजे ताई. ती अजून गाडीतच बसली होती. मग उतरली, गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबली आणि किल्ली कामाच्या टेबलावर, पकडीशेजारी ठेवून दिली. ठेवली कसली, हवाली केली म्हणायचं.

"मीच बिघडवली रे," ती म्हणाली.

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की धाकट्याला बोचलं. तीन वर्षांपूर्वी भावोजींच्या डोळ्यांनी दगा दिला, परवाना नव्याने मिळेना, तेव्हा ह्याच गाडीवर त्याने तिला शिकवलं होतं. बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत, लाकडी खोकी मांडून. एकोणसाठाव्या वर्षी ती शिकली आणि अशी शिकली की त्याने शिकवलेल्या तरण्याताठ्या पोरांनी तिच्यापुढे पाणी भरावं. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस ती टेकडीपलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायला जायची. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडते, वर चढण दोन मैलांची, आणि ताईचा गुडघा असा. गाडी गेली की शिवणवर्ग गेला, इतका सरळ मामला होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला 'मॅडम' म्हणत होतं, हे तिने भावाला एकदाच सांगितलं होतं आणि लगेच विषय बदलला होता.

म्हणजे त्या कागदावर नुसती गाडीची भानगड नव्हती. त्यावर ताईचं जाणं-येणं होतं, आणि सही धाकट्याची मागत होते.

"घसरते म्हणजे काय करते?" त्याने ताईला विचारलं.

उत्तर भावोजींनी दिलं. "दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन ओरडतं, फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांवर जातो आणि वेग वाढत नाही. चढावर जास्त. सकाळी गिअर टाकल्यावर तीन सेकंद गाडी हलत नाही. सेकंद मी मोजलेत."

"आणि वळणावर," ताई म्हणाली. "वळण घेताना मधेच सुटल्यासारखी होते. सरळ झाली की पुन्हा धरते."

"वळणाचा काय संबंध?" भावोजी म्हणाले.

धाकट्याने ते कानाआड केलं नाही. आणखी एक गोष्ट त्याने आधीच पाहून ठेवली होती. गॅरेजच्या दारापुढे छोटा चढ आहे. गाडी तो चढताना इंजिन ओरडलं, गाडी जागच्या जागी अडखळली, आणि त्या सगळ्या वेळात मागचे लाल दिवे विझलेले होते. ब्रेकवर पाय असता तर दिवे लागले असते. दिव्यांना ना बहीण ना भावोजी.

गाडी वीस मिनिटं चालून आली होती, म्हणजे तेल गरम होतं, हे चांगलं झालं. त्याने इंजिन पुन्हा चालू केलं, ब्रेक दाबून दांडा सगळ्या जागांवरून एकेकदा फिरवला, परत पार्किंगवर आणला आणि बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात पोळेल अशा जागी, गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी असते. त्याने ती ओढली, पुसली, परत घातली, पुन्हा ओढली.

पट्टी कोरडी होती. खुणेच्या खाली वगैरे नव्हे, टोकापर्यंत कोरडी. टोकाला कसाबसा एक थेंब लोंबत होता. तो त्याने पांढऱ्या फडक्यावर टिपला, पाहिला आणि हुंगला. लाल रंग काळवंडला होता, जळका वास होता, पण प्लेटा पार गेल्यावर येतो तसा नाही.

तो मनात म्हणाला, अर्धं कोडं सुटलं. तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र, त्यात तेलच नाही. वळणावर उरलंसुरलं तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, गाडी सुटते. ताई बरोबर सांगत होती. पण उरलेलं अर्धं कोडं जास्त अवघड होतं. गिअरबॉक्स तेल पीत नाही. इंजिन पितं, माणसं पितात, गिअरबॉक्स पीत नाही. त्यातलं तेल कमी झालं म्हणजे ते कुठून तरी बाहेर गेलेलं असतं.

त्याने गाडी वर उचलली आणि दिवा घेऊन खाली शिरला. तेलाच्या ट्रेची कड कोरडी. चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही दांड्यांच्या मुळाशी कोरडं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे बोट फिरवलं, बोटाला नुसती धूळ लागली. रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या, त्यांचे जोड, सगळं कोरडं ठणठणीत. बावीस वर्षांची गाडी इतकी कोरडी असते, हेच नवल. गाडी खाली घेऊन त्याने रेडिएटरच्या पाण्याची बाटली पाहिली. कधीकधी तेल आतल्या आत पाण्यात मिसळतं. पाणी स्वच्छ हिरवं होतं. मग इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे येणारी बारीक रबरी नळी त्याने उपटून पाहिली. तिच्या टोकाचा पडदा फाटला तर इंजिन तेल ओढून जाळून टाकतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. नळीत तेलाचा ओलावा नव्हता. मागे धूर नव्हता.

तेल सांडलं नव्हतं, जळलं नव्हतं, पाण्यातही गेलं नव्हतं.

पाऊण तास झाला होता. ताई स्टुलावर बसून त्याच्या पान्यांच्या पेटीकडे पाहत होती. भावोजी भिंतीवरचं दाब मोजायचं यंत्र भिंगातून न्याहाळत होते. त्याच्यावर तपासणीचा शिक्का आहे का, ते बघत असणार.

"भावोजी," धाकटा म्हणाला, "गिअरबॉक्समध्ये तेल कमी आहे. लिटरभर तरी, जास्तच असेल."

"अशक्य," भावोजी भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "परवाच्या रविवारी खुणेच्या वर होतं. शंभर मिली काढलं मी."

धाकटा दिवा खाली ठेवून त्यांच्याकडे वळला.

"काढलं?"

"जास्तीचं. दर रविवारी काढतो."

मग भावोजींनी सगळी पद्धत सांगितली, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळला, कारण ही पद्धत त्यांची स्वतःची होती. गाडी चालवायची बंद झाल्यावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. स्टिअरिंग बायकोच्या हातात गेलं, निदान देखभाल तरी आपल्याकडे असावी, म्हणून चार महिन्यांपूर्वी त्यांनी ती अंगावर घेतली. रविवारी सकाळी, चहाच्या आधी. जमीन सपाट आहे का, ते पाणसळ लावून पाहायचं. गाडी रात्रभर उभी असलेली, इंजिन थंड, तेल पूर्ण निथळून स्थिर झालेलं. पट्टी तीनदा घालायची, तीनदा वाचायची, भिंगाने. पहिल्याच रविवारी तेल खुणेच्या कितीतरी वर निघालं. एकदम काढणं बरं नाही म्हणून दर आठवड्याला बारीक नळीने आणि पिचकारीने बरोबर शंभर मिली. सोळा रविवार झाले. सोळा बाटल्या माळ्यावर आहेत, तारखेच्या चिठ्ठ्या लावून.

"तरी अजून खुणेच्या वरच आहे थोडं," ते म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, समजूतदारपणे, "मागच्या वेळी तुझ्याकडूनच जास्त पडलं असणार. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारी माणसं धाकट्याने पाहिली होती. तेल काढून लक्ष ठेवणारा हा पहिलाच.

त्याला हसू यायला हवं होतं. आलंही असतं, पण ताई समोर बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं, आणि इथे तर संन्यासी स्वतःहून दोरी घेऊन आला होता.

बोलावं कसं, हा प्रश्न होता. भावोजी वयाने मोठे, नात्याने मोठे. 'जुनी गाडी आहे, वय झालं' असं म्हटलं असतं तर सगळ्यांचीच अब्रू राहिली असती. ग्राहकांना तो असं पुष्कळदा सांगायचा. पण वय झालं म्हटलं तरी गाडी शनिवारी गेलीच असती, आणि मसुद्यातलं वाक्य ताईच्या मनात तसंच राहिलं असतं. त्याने फडकं टेबलावर टाकलं.

"भावोजी, ह्या गाडीचं गिअरचं तेल इंजिन चालू ठेवून मोजतात. गरम असताना."

"चालू यंत्रावर माप? असं कुठे असतं? यंत्र स्थिर झाल्याशिवाय काट्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम."

"इंजिनाच्या तेलाला तुमचा नियम बरोबर. ह्याचं उलटं आहे. गाडी चालू झाली की पंप खालचं तेल ओढून वर नेतो, वरचा डबा भरतो, नळ्या भरतात, प्लेटांवर दाब येतो. बंद केली की सगळं खाली ट्रेमध्ये येऊन बसतं. तुम्ही रात्री सगळे घरी झोपलेले असताना माणसं मोजलीत, गर्दी फार झाली म्हणून दर रविवारी एकेकाला बाहेर काढलंत. सकाळी कामाला माणूस नाही."

"करून दाखव," भावोजी म्हणाले.

हे त्यांचं बरं होतं. आवाज चढवला नाही, नात्यावर गेले नाहीत. धाकट्याने इंजिन चालू केलं, पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी भिंग लावून पाहिलं. कोरडी. इंजिन बंद केलं. अर्धा तास थांबावं लागेल म्हटल्यावर भावोजींनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. तिघांनी चहा घेतला. समोरच्या दुकानात कोणीतरी पत्रा कापत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

अर्धा तास झाल्यावर भावोजींनी स्वतः पट्टी काढली. तेल खुणेच्या वर होतं, केसभर, पण वर. इंजिन चालू केलं, मिनिटभराने पुन्हा काढली. कोरडी. एका मापावर निर्णय द्यायचा नाही, हा खात्याचा शिरस्ता. त्यांनी सगळं पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या खेपेला पंधरा मिनिटांवर निभावलं. निकाल तोच.

त्यांनी पट्टी पुसून परत भोकात घातली. एकतीस वर्षं ते दुकानदारांना सांगत आले होते की माप खोटं नसतं, घेणारा खोटा असतो. धाकट्याला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना, म्हणून तो उगाच पाने आवरू लागला. ताईने डोळे वर केले नाहीत. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं त्याला वाटलं होतं. तो दिसला नाही, पण त्याने ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

"प्लेटा?" भावोजींनी विचारलं.

"थोड्या जळल्या आहेत. पण तेल भरलं की धरतील. दुसऱ्या कोणाच्या हातात असती तर एव्हाना बसली असती. ताईचा पाय हलका, म्हणून वाचली."

भावोजींनी मसुदा चार तुकडे करून टेबलाखालच्या डब्यात टाकला. "दुसरा कागद घे."

धाकट्याने पावतीपुस्तकाच्या पाठच्या पानावर लिहिलं: 'गिअरबॉक्समध्ये तेल कमी. चालकाचा दोष नाही.' सही केली आणि पुढे सरकवलं.

भावोजींनी भिंगातून वाचलं. "अपुरं आहे. तेल कमी का, ते कुठे आहे? लिही. मालकाने बंद इंजिनावर चुकीचं माप घेऊन सोळा आठवड्यांत सोळाशे मिलिलिटर तेल काढलं."

"असू दे हो भावोजी. गाडी बरी होणार म्हटल्यावर विकायची कशाला, आणि कागद तरी कशाला?"

"लिही."

त्याने लिहिलं. भावोजींनी स्वतः खाली सही केली, तारीख घातली, घडी करून खिशात ठेवली. मनात धाकट्याने त्यांना हात जोडले. मात्र एक गोष्ट त्याच्या लक्षात आली: ही कबुली कागदाला दिली होती, बायकोला नाही. बायको दोन हातांच्या अंतरावर स्टुलावर बसली होती.

नवं तेल त्याने लांब नळीच्या नरसाळ्यातून, त्याच पट्टीच्या भोकातून भरलं. इंजिन चालू ठेवून, अर्धा लिटर, पट्टी. अर्धा लिटर, पट्टी. मग पाव, मग हात आखडून थोडं थोडं. दीड लिटरच्या जरा पुढे गेल्यावर तेल दोन खुणांच्या मधे आलं. भावोजी शेजारी उभे राहून प्रत्येक वेळी वाचत होते, पण काही सुचवत नव्हते.

"आता रस्त्यावर घेऊन बघू," धाकटा म्हणाला. किल्ली त्याने ताईच्या हातात दिली. "तूच चालव."

भावोजी मागे बसले, धाकटा पुढे तिच्या शेजारी. ताईने आरसा नीट केला, दोन्हीकडे पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. तिचा डावा पाय आसनाखाली, मागे ओढलेला होता, जसा त्याने शिकवला होता तसा. पहिल्यावरून दुसरा गिअर पडला, कळलासुद्धा नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन किंचित वर गेलं, तिने पाय हलकासा उचलला, आणि गिअर धरला.

"बघ!" धाकटा खुशीत म्हणाला. "आणखी तीन वर्षं काढेल. सोमवारपासून खुशाल जा तुझ्या वसतिगृहात. तुझ्या मुली वाट बघत असतील."

"तिथे नवीन बाई आल्या," ताई म्हणाली. "पाच आठवडे झाले."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे?"

"मी सोडलं. चिठ्ठी दिली त्यांना. त्यांना तरी कशाला ताटकळत ठेवायचं?" तिने चौकात गाडी थांबवली, एका ट्रकला जाऊ दिलं. "नव्या बाई तिथेच राहतात. चांगल्या आहेत म्हणे."

मागे भावोजी पुढे सरकून बसले.

"पण सोडायची घाई काय होती?" धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याच्याच कानाला चढलेला वाटला. "भावोजी म्हणाले आणि तू ऐकलंस? जन्मभर त्यांचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडत आलीस, आणि ह्याच वेळी..."

"ह्यांचं नाही ऐकलं रे." ताई रस्त्याकडेच बघत होती. "ह्यांनी तुला फोन केला होता. तू काय म्हणालास ते मला येऊन सांगितलं. म्हणाले, 'तुझ्या भावानेच सांगितलं, प्लेटा जळतात.'"

मग त्याला आठवलं. दोन महिने होत आले असतील. तो एका मालमोटारीखाली उताणा पडला होता, फोन खांदा आणि कान ह्यांच्यात धरलेला, तोंडात बोल्ट. भावोजींनी विचारलं होतं, डावा पाय ब्रेकवर ठेवून गाडी चालवली तर ऑटोमॅटिकचं काय होतं? आणि तो म्हणाला होता, प्लेटा जळतात, दुसरं काय होणार. उत्तर अगदी बरोबर होतं. त्या प्रश्नाला तेच उत्तर. कोणाचा पाय, हे त्याने विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरजच नव्हती. त्या घरात गाडी चालवणारं दुसरं होतं कोण? त्याला ते तेव्हाही माहीत होतं. गाडी आण, बघतो, एवढं म्हणायला तोंडातला बोल्ट काढावा लागला असता.

"मला एकदा विचारायचं होतंस, ताई."

"काय विचारू? तूच शिकवलंस मला. तुलाच विचारू, मी वाईट चालवते का म्हणून?" तिचा आवाज शांत होता, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. ती रडली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. "ह्यांचं काय, मी श्वास घेते त्यालाही चूक म्हणतील. ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण तू म्हणालास म्हटल्यावर संपलं. मला खरंच वाटायला लागलं रे, की माझा डावा पाय जातो. बसल्या जागी त्याच्याकडे बघत राहायचे मी."

मागे भावोजींनी खिशातला कागद काढल्याचा आवाज झाला. तो त्यांना कोणाला द्यायचा होता कोण जाणे. तो त्यांच्या हातातच राहिला.

"मी जाऊन बोलतो तिथे," धाकटा म्हणाला. "आत्ताच जातो. काय झालं ते सगळं त्यांना सांगतो."

"मीही येतो," भावोजी मागून म्हणाले. "लेखी देतो."

"नको," ताई म्हणाली. "तुम्ही दोघांनी बोलायचं तेवढं बोलून झालंय."

गॅरेजकडे वळायचा रस्ता आला. तिने आरशात पाहिलं आणि गाडी सरळ नेली. कुठे, असं विचारायचं धाकट्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने विचारलं नाही. भावोजींनीही नाही.